परक्या शब्दांतील आपली प्रार्थना

आकाशवाणीने मराठी घरांना जे शब्द दिले त्यांत ‘सुगम संगीत’ हा एक. शास्त्रीय संगीत ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी केलेले हलकेफुलके, शब्दांना प्राधान्य देणारे गायन, असा त्याचा अर्थ आपण धरून चाललो. त्यामुळे ‘सुगम’ या शब्दाला थोडा कमीपणाही चिकटला. एखादा कलावंत सुगम झाला, म्हणजे त्याने आपली पातळी सोडली, असे जाणकार मंडळी खासगीत बोलू लागली. पण शब्दाची फोड करून पाहिली तर सुगम म्हणजे सोपे नव्हे. जिथे सहज जाता येते ते सुगम. पालघरहून मनोरकडे जाताना काळदुर्ग दिसतो. त्यावर जाणारी वाट उद्या नीट बांधून काढली तर तो गड सुगम होईल, पण त्याची उंची एका हातानेही कमी होणार नाही.

सोपे आणि सुगम यांतला हा फरक माझ्या मनात ठसला तो दिल्लीच्या एका बँडमुळे. ‘इंडियन ओशन’ हे त्याचे नाव. त्यांचा ‘कंदीसा’ हा आल्बम २००० साली निघाला. त्या आल्बमचे नाव ज्या गाण्यावरून पडले ते गाणे म्हणजे ख्रिस्तसभेची एक प्राचीन प्रार्थना आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आजही ठाऊक नाही. म्हणून हा विषय या पानांवर मांडावासा वाटला.

१९९० साली सुस्मित सेन हे गिटारवादक आणि असीम चक्रवर्ती हे तबलावादक व गायक यांनी हा बँड सुरू केला. पुढच्या वर्षी राहुल राम हे बास गिटार घेऊन त्यांत आले आणि १९९४ मध्ये अमित किलम यांनी ड्रम्सची जागा घेतली. पहिला आल्बम १९९३ साली एच.एम.व्ही.ने काढला. त्यांतले संगीत कोणत्याच चौकटीत बसणारे नव्हते. त्याला पाश्चात्त्य रॉक म्हणावे तर गिटारीवर रागदारीची सावली आणि तालाला तबला. भारतीय म्हणावे तर मांडणी निराळी. गाण्यांत शब्द अगदी थोडे, वाद्यांचे संवाद लांबच लांब. दुकानदाराने ही कॅसेट कोणत्या फळीवर ठेवायची, हाच प्रश्न होता.

तो काळ आठवून पाहावा. उपग्रह वाहिन्या नुकत्याच घरांत शिरल्या होत्या. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांना ‘इंडीपॉप’ हे नाव मिळाले होते आणि १९९५ मध्ये अलिशा चिनॉय व दलेर मेहंदी यांच्या कॅसेटी गल्लोगल्ली वाजत होत्या. चकचकीत चित्रफितीशिवाय गाणे विकले जात नव्हते. अशा बाजारात दहा-दहा मिनिटे शब्दांवाचून वाजवणाऱ्या, साध्या कपड्यांत व्यासपीठावर बसणाऱ्या या माणसांकडे कंपन्यांनी लक्ष दिले नाही, यात नवल नाही. पहिल्या आल्बमनंतर दुसऱ्यासाठी चार वर्षे गेली, आणि तोही स्टुडिओत झाला नाही. दिवंगत नाट्यकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ दिल्लीत दर १ जानेवारीला कार्यक्रम होत असे. १९९७ च्या त्या कार्यक्रमात उघड्यावर जे वाजवले तेच ध्वनिमुद्रण ‘डेझर्ट रेन’ या नावाने बाहेर आले. ज्यांनी ऐकले त्यांना ते आवडले, पण ऐकणारे थोडेच होते.

तीन वर्षांनी ‘कंदीसा’ आला आणि हा बँड महाविद्यालयांच्या वसतिगृहांत, दूरच्या गावांत, अगदी आमच्या पालघर-बोईसरपर्यंत पोहोचला. माझ्या हाती ही कॅसेट आली ती मुंबईत शिकणाऱ्या पुतण्याकडून. आधीचे त्यांचे संगीत मी ऐकले नव्हते, ते नंतर शोधून ऐकले. आणि मग काय बदलले हे ध्यानात आले. लय तीच, वाद्ये तीच, गाण्यांची लांबी आणि वाजवण्याची जिद्दही तीच. मात्र आता माणसाचा आवाज पुढे आला होता. शब्द आले होते, आणि मुख्य म्हणजे पुन्हापुन्हा येणारे पालुपद आले होते, ज्यात ऐकणाऱ्याला आपला आवाज मिसळता येतो. त्यांनी आपले संगीत उतरवून ठेवले नाही. त्यांनी त्याला दार बसवले.

ते शब्द कोठून आणले, हेही पाहण्याजोगे आहे. या आल्बममध्ये ‘मा रेवा’ हे नर्मदेच्या स्तुतीचे गाणे आहे. राहुल राम हे पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ; त्यांनी १९९० नंतरची काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात घालवली. ते गाणे तिकडचे आहे. त्याच नर्मदेकाठी आपल्या महाराष्ट्रातले, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले मणिबेली गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राची तिसरी व चौथी संचरचना उभी राहताना अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली. ज्यांनी ती गावे पाहिली होती त्यांना ‘मा रेवा’ ऐकताना वेगळे भाषांतर लागत नाही. गाव गेले तरी नदीची, दर्याची स्तुती ओठांवर राहते, हे येथील माणूस जाणतो.

‘कंदीसा’ची गोष्ट याहून जुनी. पालघर-बोईसर-तारापूर हा पट्टा बाहेरच्यांना किनाऱ्यावरील वाडी-पाडे आणि मासळी यांसाठी माहीत असतो. पण १९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, तेव्हापासून येथे साऱ्या देशाची माणसे आली. त्यांत केरळचे लोक पुष्कळ. मी ज्या कारखान्यात नोकरीला होतो तेथे एक केरळीय फोरमन होते. वयाने माझ्याहून बरेच मोठे, बोलणे मोजके. एका रात्रपाळीला पुतण्याची ती कॅसेट मी लहानशा टेपरेकॉर्डरवर लावली होती. शेवटचे गाणे सुरू झाले तसे ते हातातला चहाचा पेला ठेवून उभे राहिले. गाणे संपेपर्यंत बसले नाहीत. नंतर त्यांनी मला विचारले की, ही आमची प्रार्थना तुमच्याकडे कशी आली? त्यांच्या लहानपणी, म्हणजे कुर्बाना मल्याळममध्ये होण्यापूर्वी, ती चर्चमध्ये गायली जात असे. त्यांच्या आईला शब्दांचा अर्थ नीट सांगता येत नव्हता, पण स्वयंपाक करताना ती ते गुणगुणत असे.

त्यांच्याकडून आणि मग वाचनातून जे समजले ते थोडक्यात असे. केरळचे सुरियानी ख्रिस्ती आपली परंपरा प्रेषित थॉमस यांच्यापर्यंत नेतात. त्यांची उपासनेची भाषा सुरियानी, म्हणजे प्रभू येशू जी अरामाईक बोलला तिचीच एक शाखा. ‘कंदीसा’ म्हणजे ‘पवित्र’. या प्रार्थनेत परमेश्वराला तीन वेळा पवित्र म्हटले आहे, त्याचे सामर्थ्य व अमरत्व गायिले आहे आणि शेवटी दयेची याचना आहे. पूर्वेकडील सर्व ख्रिस्तसभांत ही प्रार्थना आहे, आणि इ. स. ४५१ च्या काल्सेदोन परिषदेच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख सापडतो. सिरो-मलबार ख्रिस्तसभेने ३ जुलै १९६२ रोजी, संत थॉमस यांच्या सणाच्या दिवशी, सुरियानीऐवजी मल्याळम भाषेत कुर्बाना सुरू केला. तेव्हापासून हे सुरियानी शब्द नव्या पिढीच्या कानांवर क्वचितच पडू लागले.

आपल्या रीतीच्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटेल. गुड फ्रायडेच्या उपासनेत क्रुसाच्या आराधनेच्या वेळी जी गीते ठरलेली आहेत त्यांत हीच त्रिवार पवित्र स्तुती आहे, आणि लॅटिन विधीत ती पूर्वीपासून ग्रीक व लॅटिन अशा दोन्ही भाषांत आळीपाळीने म्हणत. म्हणजे ही प्रार्थना केवळ केरळची नव्हे. ती आपल्या घरातही होती, फक्त आपण तिला त्या नावाने ओळखत नव्हतो.

येथे एक जुनी जखम आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वसई, माहीम, तारापूर येथील किल्ले आणि चर्चेस ज्या पोर्तुगीज राजवटीत उभी राहिली, तिच्याच आश्रयाखालील गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १५९९ साली केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली. सुरियानी ख्रिस्ती लोकांची उपासना लॅटिन पद्धतीला जुळवून घ्यावी, असा तिचा रोख होता. त्यांचे पुष्कळ सुरियानी ग्रंथ सदोष ठरवून जाळण्यात आले. त्या दडपणाचा उद्रेक १६५३ मध्ये मट्टांचेरीच्या कुनन क्रुसापाशी घेतलेल्या शपथेत झाला, आणि ती ख्रिस्तसभा दुभंगली. ज्या मुखांतून ‘कंदीसा’ निघत होते त्या मुखांना आपल्याच रीतीच्या धर्माधिकाऱ्यांनी एके काळी परके मानले. मग साडेतीनशे वर्षांनी तेच शब्द एका बंगाली तबलावादकाच्या आणि त्याच्या मित्रांच्या आवाजातून बोईसरच्या एका कारखान्यात यावेत, हा योग मला साधा वाटत नाही.

असीम चक्रवर्ती आता नाहीत. २५ डिसेंबर २००९ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. सुस्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. बँड मात्र चालू राहिला, आणि ‘कंदीसा’ही. मैफिलीत हजारो तरुण ते पालुपद त्यांच्याबरोबर गातात. त्यांतील बहुतेकांना ते कोणत्या भाषेतले आहे हे माहीत नसते.

हीच गोष्ट आमच्या भागातील एका धर्मग्रामात वादाचे कारण झाली. प्रायश्चित्तकाळात गायकवृंदातील काही मुलामुलींनी सुचवले की गुड फ्रायडेच्या क्रूसवंदनेला ‘कंदीसा’ गावे. वडीलधाऱ्यांपैकी काहींनी तत्काळ हरकत घेतली. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. जे गाणे जेथे लोक हातांत पेले घेऊन उभे असतात तेथे वाजते, ते प्रभूच्या क्रुसापाशी कसे न्यायचे? ज्याचा एक शब्दही आम्हांला कळत नाही त्याने आमची प्रार्थना कशी होईल? आणि मोठ्या कष्टाने उपासना मराठीत आणल्यावर पुन्हा परकी भाषा कशाला?

या शेवटच्या प्रश्नामागे इतिहास आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वेदीपर्यंत वाट मिळाली. लॅटिनच्या काळात आपले आजोबा-आजी मिस्साला बसून जपमाळ म्हणत, कारण धर्मगुरू काय बोलतात ते त्यांना कळत नसे. मराठी मिस्साने त्यांना श्रोत्यांतून सहभागी केले. ज्यांनी हा बदल अनुभवला त्यांना ‘न समजणारी प्रार्थना’ ही मागे टाकलेली गोष्ट वाटते. संत पौलही करिंथकरांना लिहितात ते याच अंगाने: जिभेने बोललेले दुसऱ्याला उमगले नाही तर त्याने ‘आमेन’ कसे म्हणावे?

तरीही हे पूर्ण सत्य नाही, असे मला वाटते. ‘आमेन’ हा शब्दच मराठी नाही. हालेलुया, होसान्ना हे हिब्रू शब्द आपण दर रविवारी गातो आणि त्यांत आपल्याला परकेपणा वाटत नाही. संत मार्क यांनी शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले, पण काही जागी प्रभूचे अरामाईक शब्द जसेच्या तसे ठेवून शेजारी अर्थ दिला. बहिऱ्या माणसाच्या कानांत बोटे घालून प्रभू ‘एफ्फाथा’ म्हणतो, म्हणजे ‘मोकळा हो’. मार्क यांना त्याचे ग्रीक भाषांतर एवढेच ठेवता आले असते. त्यांनी मूळ शब्दही राखला, कारण ज्यांनी तो ऐकला त्यांच्या कानांत तो आवाज राहिला असणार. अर्थ हवाच, पण ज्याच्या तोंडून शब्द आला त्याचा आवाजही कोणीतरी जपावा लागतो.

त्या धर्मग्रामाच्या परिषदेत बरीच चर्चा झाली. तोडगा निघाला तो अनपेक्षित जागेहून. बोईसरमध्ये आपल्या मुलाकडे राहणारी एक वृद्ध केरळीय बाई मल्याळम मिस्साला येत असे. कोणीतरी तिला गायकवृंदाच्या सरावाला आणले. तिने मुलांकडून बँडची चाल ऐकून घेतली, हसली, आणि मग आपल्या गावच्या चर्चमध्ये लहानपणी ऐकलेल्या चालीत ती प्रार्थना म्हटली. वाद्य नाही, ठेका नाही. आवाज कापरा होता, पण सुरांची ओळख पुसली गेली नव्हती. मुलांना प्रथमच कळले की हे ‘गाणे’ नसून कोणाच्या तरी घरची नित्याची प्रार्थना आहे. त्या गुड फ्रायडेला त्यांनी ती बाईंकडून शिकलेल्या चालीत गायिली, आधी प्रत्येक ओळीचा मराठी अर्थ वाचून दाखवून. बँडची गिटार आणि तबला यांना त्या दिवशी जागा नव्हती, आणि ते योग्यच झाले. परंतु तो बँड नसता तर ही मुले त्या बाईंपाशी कधी गेली नसती, हेही तितकेच खरे.

या ठिकाणी मला ‘सुगम’ शब्दाचा अर्थ पुरता उलगडला. जाणकार म्हणतात की सोपे केले की वस्तू उथळ होते. कधी कधी होतेही. आपल्या भक्तिगीतांच्या कॅसेटींत चित्रपटांच्या चालींवर येशूचे नाव बसवलेली गाणी कमी नाहीत, आणि ती एका नाताळाहून दुसऱ्या नाताळापर्यंत टिकत नाहीत. तेथे ऐकणाऱ्याला जे आधीच आवडते तेच त्याच्या पुढ्यात ठेवलेले असते. ‘कंदीसा’मध्ये तसे झाले नाही. भाषा परकी राहिली, प्रार्थना जुनी राहिली, लांबी कमी झाली नाही. फक्त ऐकणाऱ्याला आत यायला एक जागा ठेवली. तो आत आला की पुढची वाट त्याने चालायची. काही जण दारातच थांबतात, केवळ डोलतात आणि परततात. त्यांच्यासाठी दार बंद करावे काय? मला तसे वाटत नाही. मात्र ज्याने दुसऱ्याच्या घरची वस्तू चारचौघांत नेली त्याने ती कोणाची आहे हे सांगत राहिले पाहिजे. आणि ज्यांची ती वस्तू आहे त्यांनी विचारणाऱ्याला ती शिकवण्याची तयारी ठेवली पाहिजे. यातले एकही सुटले की सुगमता ही लूट होते.

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे, म्हणून एवढे लिहिले. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला आणि पालघर, डहाणू, तलासरीपर्यंतचा मुलूख त्यात आला. सिरो-मलबार बांधवांसाठी कल्याणचा धर्मप्रांत त्याआधीच, १९८८ मध्ये, झाला होता. व्यवस्थेच्या दृष्टीने हे उत्तमच. पण औद्योगिक पट्ट्यातील रविवार कसा असतो ते पाहा. एक मिस्सा मराठीत, एक हिंदीत, कोठे इंग्रजीत, कोठे मल्याळममध्ये. एक समुदाय फाटकातून बाहेर पडतो तेव्हा दुसरा आत शिरतो. मोटारसायकली काढता-लावताना एकमेकांकडे पाहून मान हलवली जाते, इतकीच ओळख. वारली पाड्यांतून आलेल्या कुटुंबांची लग्नातली गाणी वाडवळ कुटुंबांनी ऐकलेली नसतात. किनाऱ्यावरच्या घरांतले जुने सूर औद्योगिक वसाहतीतल्या मुलांना ठाऊक नसतात. पेंटेकॉस्टच्या दिवशी आपण मोठ्या आनंदाने वाचतो की पार्थी, मेदी, एलामी अशा सर्वांना आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. मात्र ते सारे त्या वेळी एकाच ठिकाणी जमले होते, हे आपण फारसे लक्षात घेत नाही.

एका दुर्लक्षित बँडने आपले संगीत लोकांपर्यंत नेण्यासाठी नदीकाठच्या माणसांची आणि केरळच्या चर्चची गाणी शिकून घेतली. ते रॉक संगीत वाजवणारे लोक होते, त्यांच्यावर तसे कोणतेही धार्मिक बंधन नव्हते. एका वेदीभोवती जमणाऱ्या आपल्याला तर शेजारच्या बाकावरच्या माणसाचे एखादे गीत शिकायला त्यांच्याहून अधिक कारण आहे. वर्षातून एक गीत, त्याच्या घरच्या चालीत, त्याच्या उच्चारांत, आणि अर्थ समजून घेऊन. ती वृद्ध बाई आता केरळला परत गेली आहे. गायकवृंदातील मुलांच्या वह्यांत तिने सांगितलेले शब्द देवनागरीत उतरवलेले आहेत, आणि पुढच्या वर्षी वारली गीत कोणाकडून शिकायचे, याची चौकशी त्यांनी सुरू केली आहे.